जप्तीतलं मीठ

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाचं गळाचं रीळ बागेच्या नळीने धुतलं. नळीच्या तोंडाशी अंगठा दाबून, धार बारीक आणि जोरदार करून, पोलिसांनी जमाव पांगवावा तसं धुतलं. वाळू उडाली, शेवाळ उडालं, पितळ झळकायला लागलं. मग मी ते दोन्ही हातांवर घेऊन, देवघरातली पंचपात्री आणावी तशा भक्तिभावाने काउंटरवर ठेवलं.

गिऱ्हाइकाने रिळाची मूठ फिरवली. आतून कर्र असा आवाज आला.

"तुम्ही कुठले?" त्याने विचारलं.

"भारतातला."

"तिकडे हत्ती धुता का?"

"नाही."

"मग ही हत्ती धुण्याची पद्धत कुठे शिकलात?"

हा काल्वाइट. त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. खरं तर त्याच्यापेक्षा एका सरकारी साहेबाबद्दल लिहायचं आहे, पण त्याचं नाव आधी घेतलं तर माझं पुढचं अक्षर बिघडतं.

संपादकांनी 'परदेशातले अनुभव' लिहा म्हणून कळवलं, तेव्हा त्यांच्या मनात कोलोनचं देऊळ, ऱ्हाइनवरची बोट असं काहीतरी असणार. ते लिहिणारे पुष्कळ आहेत. पुण्याची शिकलेली मुलं इथल्या विद्यापीठांत डॉक्टर होतात आणि सुंदर पत्रं लिहितात. मी डॉक्टर नाही. मी मालवणचा साळगावकर. मोटारींच्या कारखान्यात फिटरचं काम शिकायला म्हणून नेकारसुल्मला आलो आणि तिथल्या एका फोरमनच्या ओळखीने पार उत्तरेला, बाल्टिक समुद्राच्या काठी, गळाच्या सामानाच्या दुकानात दुरुस्तीच्या बाकावर येऊन बसलो. मधली हकिगत लांब आहे आणि तीत मी कुठेच शूर दिसत नाही, म्हणून ती सोडून देतो. साळगावकर हे नाव इथे कुणाच्या तोंडात मावेना. त्यांनी पहिला तुकडा ठेवून घेतला आणि बाकीचा परत केला. तेव्हापासून मी हेर साल्गा. हेर म्हणजे श्रीयुत. काल्वाइट मात्र कायम हत्तीवाला म्हणायचा.

आमच्या धंद्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचा माझा संताप वेडेपणाचा वाटेल.

किनाऱ्यावर उभं राहून, होडीत न बसता, लांबलचक काठीने शिशाचं वजन लाटांच्या पलीकडे भिरकावायचं आणि मासा ओढेपर्यंत थंडीत कुडकुडत उभं राहायचं, ही इथली हौस आहे. मालवणला आम्ही यालाच गरवणं म्हणतो. आमच्याकडे बाटलीवर गुंडाळलेला तंगूस, म्हणजे गळाची बारीक चिवट दोरी, एक गळ आणि एक कोळंबी, एवढ्यावर काम भागतं. इथे मात्र पुरुषभर उंचीची काठी लागते, तिला तंगूस जाण्यासाठी कड्या असतात आणि बुडाशी तो गुंडाळायचं रीळ. रीळ म्हणजे घड्याळाचा थोरला भाऊ. आत दाते, स्प्रिंग, बारीक आस. त्यात पितळ असतं आणि पोलाद असतं, आणि या दोघांच्या मधे खारं पाणी शिरलं की पोलाद खाल्लं जातं. हे भांडण लावून देण्यात मिठासारखा दुसरा कोणी नाही.

म्हणून एकच नियम. समुद्रावरून आलात, की कपडे बदलण्याआधी रीळ कोमट गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवा. हळू हलवा. धार मारायची नाही, कारण धारेने बाहेरचं मीठ आत जातं. हे मी हत्ती धुऊन शिकलो. मग पुसा, चुलीपासून लांब वाळवा, आसाला तेलाचा थेंब, दात्यांना बोटाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस. काठीचे तुकडे त्याच संध्याकाळी वेगळे करा, नाहीतर पितळी सांधा मिठाने असा धरतो की घटस्फोट सोपा. कड्यांना चीर गेली आहे का ते बघायला इथले लोक बायकोचा जुना पायमोजा वापरतात. मी कुमुदच्या विरलेल्या रेशमी लुगड्याची पट्टी वापरायचो. कडीतून ओढली आणि धागा अडकला, की कडी बदला. कुमुद म्हणजे माझी बायको, वेंगुर्ल्याची. त्या पट्टीबद्दल तिने मला कधी माफ केलं नाही. ते तिच्या साखरपुड्याचं लुगडं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एवढा साधा नियम. तरी माझ्या बाकावर येणाऱ्या रिळांपैकी बहुतेक मिठाने मेलेली किंवा मरायला टेकलेली असत. हाम्बुर्गचा एक दातांचा डॉक्टर होता. दुकानातली सगळ्यात महाग काठी घ्यायचा, दोन दिवस मासे मारायचा आणि सगळं ओलंचिंब सामान मोटारीच्या डिकीत टाकून द्यायचा. ईस्टरला डिकी उघडायचा. मग काउंटरवर आपटून म्हणायचा, "हा काय माल देता तुम्ही?" मी त्याला एकदा विचारलं, "डॉक्टर, एखादा माणूस वर्षभर दात न घासता तुमच्याकडे आला आणि म्हणाला हे काय दात दिलेत, तर?" तो म्हणाला, "मी त्याला नवे बसवून देईन." आणि नवं रीळ घेऊन गेला.

आमचे मालक लोरेन्झन यांना असली गिऱ्हाइकं फार आवडत. "हेर साल्गा," ते मला समजावत, "गंज हा आपला भागीदार आहे. तो पगार मागत नाही. तुम्ही लोकांना धुवायला शिकवता, म्हणजे माझ्या भागीदाराला हाकलता." माणूस वाईट नव्हता. नाताळला न चुकता हंस पाठवायचा आणि कुमुद त्याचं सुकं करायची. पण गंजाला भागीदार मानणाऱ्या माणसाच्या हाताखाली, दिवसभर गंज खरवडत बसायचं म्हणजे काय, ते एकदा बसून बघावं.

काल्वाइट या सगळ्यांत वेगळा. एकच रीळ, युद्धाच्या आधीचं, पितळी, त्याच्या गावच्या कारखान्यात बनलेलं. ते गाव पूर्व प्रशियात होतं. आता त्या गावाचं नावसुद्धा दुसरं आहे. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात तिकडचे लोक पळाले, ते गोठलेल्या खाडीवरून चालत. काल्वाइट त्यांतला. कोटाच्या खिशात हे रीळ होतं, बाकी काही आलं नाही. बायको मुलं कोणी होती की नव्हती, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या गावात त्याला आणि त्याच्यासारख्यांना 'आलेले लोक' म्हणत. येऊन पंधरा वर्षं होत आली तरी आलेलेच. माझ्याशी त्याचं जमलं त्याचं एक कारण हेही असेल, की मी त्याच्याहून उशिरा आलेला होतो. त्याला कोणीतरी मिळालं होतं, ज्याला त्याने नावं ठेवावीत.

नावं तो मनापासून ठेवायचा. कुमुदने एकदा त्याने आणलेल्या डॉर्श माशाचं कालवण करून, त्याला बोलावून वाढलं. तिरफळं आणि सोलं घरून पार्सलने आलेली होती. दोन घास खाल्ल्यावर त्याचे डोळे भरून आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. आमचं गाव जळताना असाच वास आला होता."

पण ताट त्याने बोटाने पुसून घेतलं. त्यानंतर मासे गरवले की एक आमच्या दारात यायचाच. कधी डॉर्श, कधी लेप. इथला लेप थेट आपल्याकडच्यासारखा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. कुमुद म्हणायची, हा एकटाच इथे आपल्या ओळखीचा.

आता परवाना. माझ्या वडिलांना जर कोणी सांगितलं असतं, की समुद्रात गळ टाकायला सरकारची परवानगी लागते, फोटो लागतो आणि वर शिक्का लागतो, तर त्यांनी त्याला घरी बसवून ताक पाजलं असतं. पण इथे लागते. त्या कागदाला फिशरायशाइन म्हणतात आणि आमच्या गावात तो दरवर्षी नगरपालिकेच्या आम्टात, म्हणजे कचेरीत, जाऊन पुढे चालू करून घ्यावा लागे. मला त्यात गैर वाटत नाही. मासे संपू नयेत म्हणून नियम हवेतच. एक म्हातारी बाई तिथे बसायची. ती काल्वाइटचा परवाना उघडायची, त्याचा जुना टोपीवाला फोटो बघायची, प्रत्यक्ष टोपी बघायची आणि शिक्का मारायची. काल्वाइट उन्हाळ्यातही कानपट्ट्यांची टोपी घालायचा. गावात कुणाला त्याचं नवल उरलं नव्हतं.

मग त्या बाईच्या वरती टोडं आला. हाच तो साहेब. पस्तिशीचा, गोरापान, नीटनेटका, पेन्सिलीला दोन्ही बाजूंनी टोक करणारा. त्याने फर्मान काढलं, की परवान्यांवरचे फोटो जुने झाले आहेत, नवे आणा. पासपोर्टला असतो तोच नियम यालाही लावला. डोक्यावर काही नको, चेहरा अर्धा वळलेला आणि डावा कान स्पष्ट दिसला पाहिजे.

काल्वाइट आम्टात दोनदा गेला आणि दोन्ही वेळा शिक्क्याशिवाय आला. मला वाटलं म्हातारा हट्ट करतोय. मी त्याला म्हटलंसुद्धा, "काढा ना टोपी एक मिनिट. तुमचे केस कुठे उडून चाललेत."

परवान्याची मुदत संपली. ऑक्टोबर आला. ऑक्टोबरात डॉर्श काठाला येतो, आणि तो काठाला आलेला असताना घरी बसणारा गरवणारा मी अजून पाहिलेला नाही. काल्वाइट गेला. टोडं स्वतःही गळवाला. तोही किनाऱ्यावर होता. त्याने काठी खाली ठेवली, पाटलोणीची वाळू झटकली, पलीकडे जाऊन परवाना मागितला आणि काल्वाइटची काठी, रीळ, सगळं जप्त करून मोटारीत घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काल्वाइट दुकानात आला. लोरेन्झन मागे खोकी उघडत होते. समोर मी एकटाच. त्याने टोपी काढली आणि डावी बाजू माझ्याकडे केली. तिथे कान नव्हता. एक मुरगळलेली कातडीची गाठ आणि भोक.

"त्या खाडीवर गोठला," तो म्हणाला. "साहेबाला डावा कान पाहिजे. त्याने जाऊन बर्फाखालून काढून आणावा. मी आरशालाही ही बाजू दाखवत नाही."

"मला का दाखवलीत?"

"तुम्ही विचारलंत, केस कुठे उडून चाललेत म्हणून."

मला तेव्हा काय वाटलं ते लिहीत नाही. टोपी घालून झाल्यावर तो म्हणाला, "कान गेला तो गेला. रीळ मात्र काल संध्याकाळी धुतलेलं नाही."

आणि मला एकदम तेच दिसलं. कचेरीच्या तळघरात, खाऱ्या पाण्याने भिजलेलं, वाळू चिकटलेलं रीळ. मी एप्रन काढला आणि तसाच आम्टात गेलो.

टोडंने मला बसायला सांगितलं. अतिशय सभ्य माणूस. सभ्य माणसांचा मला आता धसका आहे.

"रीळ परत मागायला आलो नाही," मी म्हटलं. "ते ठेवा. दंड करा, काय करायचं ते करा. फक्त मला ते धुऊ द्या. तुमच्यासमोर धुतो. बादली मी आणतो."

"हेर साल्गा, ती जप्त वस्तू आहे. जप्त वस्तू ज्या स्थितीत ताब्यात घेतली, त्याच स्थितीत ठेवायची असते."

"पण ती त्या स्थितीत राहत नाहीये. आत मीठ काम करतंय."

"आमचं तळघर कोरडं आहे."

"कोरडं झालं की पाणी जातं. मीठ कुठे जातं? ते आत बसतं आणि हवेतलं पाणी पुन्हा ओढतं."

"गेनाऊ," तो म्हणाला. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. मला क्षणभर आशा वाटली. पण तो पुढे म्हणाला, "आणि बाल्टिक तर अर्धा गोडाच समुद्र आहे. तुमच्याकडच्यासारखा खारट नाही."

"अर्धं मीठही खातंच, साहेब. जरा सावकाश खातं."

"मग घाई कशाला?" त्याने पेन्सिलीचं दुसरं टोक वापरायला घेतलं.

मी त्याला कानाबद्दलही सांगितलं. सांगायला नको होतं, ते काल्वाइटचं होतं. पण सांगितलं. म्हटलं, उजवा कान चालेल का? तो विचारात पडल्यासारखा झाला आणि म्हणाला, "नियम डाव्या कानाचा आहे. त्यांनी टोपी काढून डाव्या बाजूने फोटो काढावा. तिथे जे असेल ते दिसेल." मी उठलो. दार आपटायचं ठरवलं होतं, पण त्या कचेरीच्या दारांना वर हवेचे पंप बसवलेले असतात. ती आपटत नाहीत. आपण बाहेर उभे राहतो आणि मागे दार हळूहळू, सभ्यपणे मिटत जातं.

मी पुन्हा गेलो, तेव्हा टोडंने लोरेन्झनना फोन केला. लोरेन्झन मला म्हणाले, "हेर साल्गा, परवाने ते देतात. परवाना नाही तर गिऱ्हाईक नाही. तुम्हाला बायको आहे, मुलगी आहे. काल्वाइटला मी स्वस्तात नवं रीळ देतो, झालं तर मग." त्यांना खरंच वाटत होतं की झालं. मी बाकावर बसलो आणि त्या दिवशी जे हातात आलं ते इतकं घासलं, की लोरेन्झन म्हणाले, आता याला कल्हई लावा.

आणि मग देव पावला, असं मला वाटलं. टोडंने स्वतःचं रीळ दुरुस्तीला आणलं.

महागाचं, नवंकोरं, आणि दोन दिवस किनाऱ्यावर वापरून न धुतलेलं. कडांना पांढरी पुटं चढलेली. "मूठ जरा जड फिरते," तो म्हणाला. "पुढच्या पुढच्या शुक्रवारी नेईन." त्याच्या तोंडावर माझ्या दोन भेटींची सावलीही नव्हती. त्याच्या लेखी ते काम आम्टातलं होतं आणि हे दुकानातलं.

मी मनात ठरवलं. हे असंच ठेवायचं. ज्या स्थितीत आलं, त्या स्थितीत. दोन आठवडे खाऊ दे मीठ. शुक्रवारी तो आला की त्याच्याच शब्दांत सांगायचं, मग दोन्ही रिळं एका बादलीत धुवायचं कबूल करून घ्यायचं. नोकरी गेली तर गेली. रीळ फडताळात ठेवलं, घरी गेलो, जेवलो. जेवताना कुमुद काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मला ते रीळ ऐकू येत होतं.

इतकी वर्षं माझ्या बाकावर आलेलं एकही रीळ मिठात रात्र काढत नव्हतं. काल्वाइटने शिकवलेली खोड. मी दुकानात परत गेलो, रीळ काढलं, कोमट पाण्यात बुडवलं, उघडलं, पुसलं, तेल, ग्रीस, सगळं केलं. इतकं सुंदर फिरायला लागलं, की मला माझीच चीड आली. ज्या माणसाचा गळा धरायचा होता त्याच्या रिळाला मी आंघोळ घालत होतो.

मग मी ते घरी आणलं. कुमुदच्या बरणीतलं मीठ वाटीभर पाण्यात कालवलं, आणि शेव्हिंगच्या ब्रशने फक्त बाहेरून, आत थेंब जाणार नाही अशा बेताने, थर दिले. वाळले की पांढरी पुटं उठली, मूळच्यापेक्षाही भयंकर. आमची मुलगी शेजारी बसून बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते जर्मन. तिने जर्मनमध्ये विचारलं, "पपा, हे शिजवणार आहेस का?"

कुमुद बरणी बघून गेली.

शुक्रवारी टोडं आला. लोरेन्झन शिडीवर चढून वरच्या फळीवरचे डबे लावत होते. मी फडताळातून रीळ काढलं आणि काउंटरवर ठेवलं. पांढरं शुभ्र, दिवाळीच्या पिठीसाखर भुरभुरलेल्या चिरोट्यासारखं.

"हे काय?" टोडं म्हणाला.

"ज्या स्थितीत आलं त्या स्थितीत ठेवलंय. तुमच्या तळघरात एक आहे, माझ्या फडताळात एक. परवानगी द्या, दोन्ही आज धुतो."

शिडीवरचा आवाज थांबला. टोडंचा गळा कॉलरपासून वर लाल होत गेला. मला बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. इतकं बरं मला जर्मनीत फार थोड्या वेळा वाटलं आहे.

त्याने रीळ उचललं. अंगठ्याने एक पूट खरवडलं. आणि मूठ फिरवली.

लोण्यासारखं फिरलं. तो अजून एकदा फिरवून थांबला, पाचही बोटांत तोलून बघितलं आणि त्याचा गळा पुन्हा गोरा झाला.

"दोन आठवडे मिठात," तो म्हणाला. "आणि आणलं त्यापेक्षा हलकं फिरतंय. हेर लोरेन्झन, तुम्ही ऐकलंत ना? मीठ रिळाला खातं म्हणून हे माझ्या कचेरीत दोनदा येऊन बसले होते."

"मी ते धुतलंय," मी म्हटलं.

"मग हे काय आहे?"

"ते आमच्या घरचं मीठ आहे. बाहेरून लावलंय."

टोडंने माझ्याकडे जसं बघितलं, तसं मी स्वतःकडेही तेव्हा बघितलं असतं. शिडीवरून लोरेन्झन हसले. मग टोडंही हसला, सभ्यपणे, तोंडासमोर हात धरून. रीळ रुमालात गुंडाळून तो म्हणाला, "बरं तर, हेर साल्गा, जप्तीची काळजी करू नका. आमच्याकडे स्वयंपाकघर नाही." आणि गेला. ते वाक्य पुढे महिनाभर गावात फिरलं. लोक मला मीठ पोचतंय ना म्हणून विचारत.

रीळ तळघरातच राहिलं. ऑक्टोबर गेला, डॉर्श खोल पाण्यात परत गेला, नाताळ झाला, लोरेन्झनचा हंस आला. वसंतात टोडंची बदली झाली, बढतीवर, मोठ्या गावाच्या आम्टात. त्याच आठवड्यात त्या म्हाताऱ्या बाईने काल्वाइटला बोलावणं पाठवलं, त्याचा जुना परवाना उघडला, टोपीवाला फोटो बघितला, टोपी बघितली आणि शिक्का मारला. कान नाही, नवा फोटो नाही, काही नाही. म्हणजे हे तेव्हाही करता आलं असतं. या एका गोष्टीचा संताप मला अजून पचवता आलेला नाही. नियम दगडाचा असता तर मी त्यावर डोकं आपटून गप्प बसलो असतो. तो पेन्सिलीचा होता. खोडायचं रबर दुसऱ्या बाजूला असतं, पण साहेबाने तिथेही टोकच काढून ठेवलं होतं.

काल्वाइट रीळ घेऊन थेट माझ्या बाकावर आला. आम्ही दोघांनी ते उघडलं. वरून हिरवं, आत तांबडं पीठ. पोलादाचा आस अर्धा खाल्लेला, स्प्रिंगचे तुकडे, दाते म्हणजे म्हाताऱ्याचं तोंड. मी तेलात भिजवलं, दिवसचे दिवस खटपट केली, फाइलीने दाते घासून बघितले. सुटे भाग मागवणार कुठून? कारखाना ज्या गावात होता ते गावच आता नकाशावर त्या नावाने नाही. माझ्या बागेच्या नळीतून जे वाचलं होतं, खाडीवरच्या बर्फातून जे वाचलं होतं, ते एका कोरड्या, स्वच्छ, सरकारी तळघरात मेलं.

"फिरत नाही," मी शेवटी म्हटलं.

काल्वाइटने ते कोटाच्या खिशात घातलं. खिशाचं अस्तर त्या आकाराचं झालेलं होतं. लोरेन्झननी नवं रीळ पुढे केलं, खरोखरच स्वस्तात. त्याने बघितलंही नाही. मी मागे गेलो, एका रिकाम्या बाटलीवर तंगूस गुंडाळला, आमच्या मालवणच्या पद्धतीने, शेवटी गळ बांधला आणि त्याच्या हातात दिला.

"तुमच्याकडे असं गरवतात?"

"हो."

"काठी नाही, रीळ नाही?"

"नाही."

"धुवायला सोपं आहे," तो म्हणाला. त्या वर्षी तो धक्क्यावर बसून बाटलीने लेप गरवायचा आणि लोक थांबून बघायचे. आमच्या दारात पूर्वीसारखाच एखादा लेप यायचा. डॉर्श मात्र परत कधी आला नाही. तो धक्क्यावरून लागत नाही. त्याला लांब फेकावं लागतं.

रीळ मेलं त्या संध्याकाळी मी घरी येऊन कुमुदला सगळं सांगितलं. टोडंचं हसणं, लोरेन्झनचं हसणं, आतलं तांबडं पीठ. ती भाकरी थापत होती. मला वाटलं, ती म्हणेल जाऊ द्या, आपण काय करणार. तिने भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले, मिठाची बरणी उचलून वरच्या फळीवर, माझा हात सहज पोचणार नाही अशा जागी ठेवली.

"अहो," ती म्हणाली, "पुढच्या खेपेला माझं मीठ नेऊ नका. साहेबाच्या रिळात साहेबाचंच राहू द्या."